उठतां-बसतां व्यायाम



व्यायाम हा शब्द उच्चारला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें आखाडा, मल्लखांब, जोर-बैठका किंवा पटांगणावरील कवाईत उभी राहते. ह्या सर्व गोष्टी चांगल्या आहेत. त्यांची थोरवी कमी करण्यासाठीं हा पाठ लिहिलेला नाहीं. परंतु आखाड्यांत जाणारा मुलगा तेथें फार तर एक तास असतो. उरलेले तेवीस तास तो काय करतो, ह्याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. झोपेचे आठ तास वगळले तरी पंधरा तास उरतात. ह्या पंधरा तासांपैकीं किती वेळ आपलें शरीर हालतें, आणि किती वेळ तें एखाद्या गाठोड्याप्रमाणें एका जागीं ठेविलेलें असतें, हा ह्या पाठाचा विषय आहे.

हा विषय मला सुचला तो एका विद्यार्थ्यामुळें आणि माझ्या स्वतःच्या एका चुकीमुळें. म्हणून प्रथम ती हकीकत सांगतों.

१. एक कबुली

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत तिसऱ्या बाकावर एक मुलगा बसत असे. त्याचा गुडघा सारखा हालत असे. त्यामुळें बाक करकरे, आणि बाक करकरला कीं माझा राग अनावर होई. “नीट बैस, हालूं नकोस,” असें मीं त्याला किती वेळां बजावलें असेल ह्याची गणती नाहीं. एके दिवशीं मीं त्याला मागच्या भिंतीपाशीं उभें केलें. तास संपल्यावर त्यानें आपली वही पुढें केली. फळ्यावर दिलेल्या प्रश्नांचीं उत्तरें त्यानें उभ्या उभ्या लिहिलीं होतीं, आणि तीं सर्व बरोबर होतीं. मीं म्हटलें, “आज लक्ष दिलेंस वाटतें.” तो खालीं मान घालून म्हणाला, “सर, उभें राहिलें म्हणजे मला चांगलें समजतें. रोज मागें उभा राहूं का?” मला तो उद्धटपणा वाटला. दुसऱ्या दिवशीं मीं त्याला पुन्हां बाकावरच बसविलें.

त्याच वर्षीं दिवाळीच्या सुटींत मी डॉक्टरांकडे गेलों. संध्याकाळीं पाय जड होत, घोट्यांवर सूज दिसे. त्यांनीं रक्त तपासून घेतलें. मधुमेह जडला नव्हता, परंतु उंबरठ्यावर येऊन उभा होता. डॉक्टरांनीं विचारलें, “सर, दिवसाकाठीं किती तास बसतां?” मी हंसून म्हणालों, “शिक्षकाला बसायला कोठें मिळतें? आम्ही उभ्यानेंच शिकवितों.” त्यांनीं माझ्यापुढें कागद सरकविला व तासांचा हिशेब मांडावयास सांगितलें. वर्गांत उभें राहण्याचे तास चार निघाले. बेरीज तेथेंच थांबती तर बरें झालें असतें. परंतु शिक्षकांच्या खोलींतील खुर्ची, स्कूटरची बैठक, संध्याकाळच्या उत्तरपत्रिका, आणि रात्रींचा दूरदर्शन व मोबाइल ह्यांचे तास मांडतां मांडतां बसण्याचा आंकडा नऊवर गेला. डॉक्टर म्हणाले, “तुम्हांला आज औषध देत नाहीं. दर अर्ध्या तासानें उठा. प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटें चाला. तीन महिन्यांनीं पुन्हां या.”

घरीं येतांना मला तो तिसऱ्या बाकावरचा मुलगा आठवला. जें डॉक्टरांनीं मला उपाय म्हणून सांगितलें, तेंच त्याचें शरीर त्याच्याकडे आपणहून मागत होतें. आणि मीं त्याबद्दल त्याला शिक्षा केली होती. सुटी संपल्यावर मीं सर्व वर्गासमक्ष ही गोष्ट त्याला सांगितली. विद्यार्थ्यापुढें आपली चूक कबूल करणें शिक्षकाला जड जातें खरें, परंतु ती मनांत ठेवून पुढें शिकविणें त्याहूनहि जड जातें.

२. लंडनच्या बसगाड्यांनीं शिकविलेला धडा

बसून राहिल्यानें प्रकृति बिघडते, हें ज्ञान अगदीं नवें नाहीं. बेर्नार्दीनो रामाझिनी नांवाच्या इटालियन वैद्यानें १७०० सालीं निरनिराळ्या धंद्यांतील लोकांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. शिंपी, चांभार इत्यादि बसून काम करणाऱ्या कारागिरांचे हाल त्यानें पाहिले, आणि ह्या लोकांनीं निदान सुटीच्या दिवशीं तरी व्यायाम करावा असा सल्ला दिला. परंतु हें झालें एका चाणाक्ष वैद्याचें निरीक्षण. मोजमाप करून ही गोष्ट दाखविण्यास पुढें अडीचशें वर्षें लागलीं.

तें काम जेरेमी मॉरिस (१९१०–२००९) ह्या ब्रिटिश डॉक्टरानें केलें. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत हृदयविकारानें अकस्मात् मरण पावणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या वाढत चालली होती. कारण कोणास सांगतां येईना. मॉरिसनें लंडनच्या वाहतूक-खात्यांतील ३५ ते ६४ वर्षें वयाच्या सुमारें ३१,००० पुरुषांची माहिती जमविली. त्यांत दुमजली बसचे ड्रायव्हर होते आणि कंडक्टरहि होते. दोघे एकाच गाडींत असत, एकाच रस्त्यानें जात, एकाच शहराचा धूर घेत, आणि एकाच थरांतील कुटुंबांतून आलेले असत. फरक एवढाच कीं, ड्रायव्हर आपल्या पाळीचा सुमारें नऊ-दशांश वेळ बसून काढी. आणि कंडक्टर तिकिटें देण्यासाठीं वरच्या मजल्यावर जाऊन खालीं येई. दिवसाकाठीं कंडक्टरास ५०० ते ७५० पायऱ्या चढाव्या लागत.

१९५३ सालीं ही माहिती ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. वर्षाकाठीं दर हजार ड्रायव्हरांमागें २.७ जणांस हृदयधमन्यांचा विकार होत असे. कंडक्टरांमध्यें हेंच प्रमाण १.९ होतें. शिवाय कंडक्टरास तो विकार झालाच तर अधिक उशिरां होई, आणि त्यांतून वांचण्याची आशाहि अधिक असे. पुढें टपालखात्यांतहि असेंच दिसलें. पायीं किंवा सायकलवरून पत्रें वांटणाऱ्या पोस्टमनपेक्षां खुर्चीवर बसणाऱ्या कारकुनांस व टेलिफोनवरील नोकरांस हृदयविकार अधिक होता.

आतां येथें शास्त्राच्या विद्यार्थ्यानें एक शंका काढली पाहिजे. कदाचित् जाड व सुस्त माणसेंच ड्रायव्हरची नोकरी पत्करीत असतील, आणि चपळ माणसें कंडक्टर होत असतील. मग पायऱ्यांचें श्रेय काय राहिलें? मॉरिसनेंहि ही शंका स्वतःच काढली. त्यानें खात्याकडून गणवेषाचीं मापें मिळविलीं व विजारींच्या कमरेचे घेर ताडून पाहिले. १९५६ सालीं तीं प्रसिद्ध झालीं. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच अधिक रुंद होत्या, आणि त्याहि अगदीं तरुण वयापासून! म्हणजे शंकेंत तथ्य होतें. मग त्यानें सडपातळ ड्रायव्हरांची तुलना सडपातळ कंडक्टरांशीं, आणि स्थूल ड्रायव्हरांची तुलना स्थूल कंडक्टरांशीं केली. तरीहि कंडक्टरच सुरक्षित ठरले. आपल्याला हवें तें उत्तर मिळालें तरी त्यावर स्वतःच शंका घ्यावयाची व ती तपासून पाहावयाची, हा ह्या गोष्टींतील दुसरा धडा आहे. आणि माझ्या मतें तो पहिल्याहून कमी मोलाचा नाहीं.

थोडें गणित करूं. एक पायरी सुमारें २० सेंटिमीटर उंच धरली, तर ६०० पायऱ्या म्हणजे १२० मीटर झाले. मुंबईचा राजाबाई टॉवर ८५ मीटर उंच आहे. म्हणजे तो कंडक्टर कामाच्या प्रत्येक दिवशीं राजाबाई टॉवरपेक्षां अधिक उंच चढत होता; परंतु एकदम नव्हे. कांहीं पायऱ्या आतां, कांहीं पायऱ्या पुढच्या थांब्यानंतर, अशा रीतीनें. त्यानें व्यायामशाळेची वर्गणी भरली नव्हती, आणि “मी व्यायाम करीत आहें” हा विचारहि त्याच्या मनांत आला नसेल. आपल्या मुंबईंतहि १९३७ पासून दुमजली बस होती. तिच्या जुन्या डिझेलच्या गाड्या २०२३ सालीं रस्त्यावरून निघाल्या व विजेवर चालणाऱ्या दुमजली गाड्या आल्या. अशा गाडीचा जिना दिसला म्हणजे लंडनच्या त्या कंडक्टराची आठवण करावी.

३. हालल्यानें शरीरांत काय घडतें?

हृदय रक्त ढकलतें हें तुम्हांस ठाऊक आहे. परंतु पायांत उतरलेलें रक्त परत वर कसें चढतें? हृदय तर फार वर राहिलें. ह्याचें उत्तर आपल्या नीलांत म्हणजे अशुद्ध रक्तवाहिन्यांत असलेल्या बारीक पडद्यांत आहे. पादुआ येथील फाब्रिसियस ह्या आचार्यानें १६०३ सालीं ह्या पडद्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याचा शिष्य विल्यम हार्वे ह्यानें १६२८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत त्यांचा खरा उपयोग दाखविला. हे पडदे विहिरीच्या पंपांतील झडपेसारखे असून रक्ताला हृदयाकडे जाऊं देतात, उलट येऊं देत नाहींत.

हा प्रयोग तुम्हीहि करून पाहूं शकाल. हात खालीं लोंबता ठेवा, म्हणजे शिरा फुगतील. एका ठळक शिरेवर मनगटाच्या बाजूस एक बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटानें त्या शिरेंतील रक्त कोपराकडे सारीत न्या, आणि तें वरचें बोट उचला. पडद्याखालील शिरेचा भाग रिकामाच राहिलेला दिसेल. वरचें रक्त खालीं उतरणार नाहीं. आतां खालचें बोट उचला. शीर लगेच भरेल. हार्वेनें असेंच दाखविलें होतें.

परंतु झडप असली तरी पंपाचा दांडा कोणीतरी हालविला पाहिजे. हें काम पोटरीचे स्नायु करतात. चालतांना पोटरी आवळली कीं तिच्यामधील शिरा पिळल्या जातात व रक्त वर चढतें. पोटरी सैल पडली कीं खालून नवें रक्त येतें. म्हणूनच कित्येक डॉक्टर पोटरीला दुसरें हृदय म्हणतात. तासचे तास बसलें म्हणजे हा पंप बंद पडतो, पायांत रक्त व पाणी सांचतें, आणि बूट घट्ट होतात. पाय सुजण्याचीं इतरहि कारणें असतात व तीं डॉक्टरांकडून तपासून घ्यावीं. परंतु माझ्या सुजेचें कारण हेंच निघालें.

दुसरी गोष्ट साखरेची. आपण भात, भाकरी किंवा पोळी खातों, तिची शेवटीं साखर होऊन ती रक्तांत येते. ती स्नायूंच्या आंत शिरण्यासाठीं इन्शुलिन नांवाचा रस जणूं किल्लीचें काम करतो. परंतु स्नायु हालूं लागला म्हणजे ह्या किल्लीवांचूनहि साखर आंत घेण्याची त्याची शक्ति वाढते. ऑस्ट्रेलियांतील डेव्हिड डन्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ सालीं एक सोपा प्रयोग प्रसिद्ध केला. वजन अधिक असलेल्या १९ प्रौढ माणसांस एक गोड पेय देऊन त्यांनीं पांच तास बसविलें. एके दिवशीं तीं सलग बसलीं. दुसऱ्या दिवशीं दर वीस मिनिटांनीं उठून दोन मिनिटें सावकाश चाललीं. चालण्याच्या दिवशीं जेवणानंतरची रक्तांतील साखरेची वाढ सुमारें एक चतुर्थांश कमी झाली. दोन मिनिटें सावकाश चालणें ह्यास आपण व्यायाम म्हणणारहि नाहीं. परंतु शरीरानें तें मोजलें.

आपल्या घरांतील वडीलधारीं माणसें रात्रीं जेवण झालें कीं अंगणांत शंभर पावलें टाकीत. त्यांस शतपावली म्हणण्याचा प्रघात आहे. इन्शुलिनचें नांवहि न ऐकलेल्या माणसांनीं ही चाल अनुभवानें ठरविली, आणि आपण ती सोडून दिली. ती पुन्हां सुरू करण्यास नवें अंगण नको. गच्ची, व्हरांडा किंवा घरांतील दोन भिंतींमधील जागा पुरे आहे.

तिसरी गोष्ट त्या हालणाऱ्या गुडघ्याची. १९९९ सालीं अमेरिकेंतील जेम्स लिव्हाइन व त्यांचे सहकारी ह्यांनीं सोळा माणसांस आठ आठवडे रोज गरजेपेक्षां एक हजार कॅलरी अधिक अन्न दिलें. अन्न सर्वांस सारखेंच अधिक होतें. परंतु कोणाची चरबी अर्ध्या किलोहूनहि कमी वाढली, तर कोणाची चार किलोहून अधिक. हा फरक कशानें पडला? जीं माणसें नकळत अधिक उठत, वळत, चालत व चुळबुळ करीत, त्यांच्या अंगीं चरबी कमी सांचली. म्हणजे चुळबुळ हा केवळ अवगुण नव्हे. पुष्कळदां ती शरीराची वाजवी मागणी असते. ह्याचा अर्थ वर्गांत दंगा करावा असा मात्र कोणीं काढूं नये! मागणी वाजवी असली तरी ती मांडण्याची रीतहि वाजवी असावी.

४. थोडक्याची किंमत

पूर्वीं असें सांगत कीं, सलग दहा मिनिटांहून कमी व्यायाम हिशेबांत धरूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं नवे नियम प्रसिद्ध केले तेव्हां ही अट काढून टाकली. ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींस दररोज सरासरी ६० मिनिटें, आणि प्रौढांस आठवड्याकाठीं १५० ते ३०० मिनिटें मध्यम प्रतीचे श्रम असावे, असें तिचें सांगणें आहे. परंतु त्याबरोबरच, मुळींच नसण्यापेक्षां थोडी हालचालहि बरी, हें तिनें स्पष्ट म्हटलें आहे.

२०२२ सालीं ब्रिटनमधील २५,२४१ लोकांविषयींची माहिती प्रसिद्ध झाली. हे लोक कोणताहि खेळ किंवा व्यायाम करीत नसत. त्यांच्या मनगटावर हालचाल मोजणारें यंत्र बांधलें होतें, आणि पुढें जवळजवळ सात वर्षें त्यांची हकीकत ठेविली होती. जीं माणसें दिवसांतून सुमारें तीन वेळां, एकेक-दोनदोन मिनिटें, दम लागेल अशी हालचाल करीत (भरभर जिना चढणें, गाडी गांठण्यासाठीं झपझप चालणें, जड पिशवी उचलून नेणें), त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण अशी हालचाल मुळींच न करणाऱ्यांपेक्षां शेंकडा ३८ ते ४० कमी होतें. हृदयरोगानें मरण्याचें प्रमाण तर जवळजवळ निम्में होतें. येथेंहि मॉरिसची शंका आठवावी. जो आधींच निरोगी असतो त्यालाच भरभर चढतां येतें. संशोधकांनीं हा फरक होईल तितका वगळण्याचा यत्न केला आहे. तरी अशा निरीक्षणास अखेरचा पुरावा म्हणतां येत नाहीं. परंतु पोटरीचा पंप, स्नायूंची साखर, लंडनचा जिना व ही माहिती हे चार साक्षीदार जेव्हां एकच साक्ष देतात, तेव्हां ती न मानणें शहाणपणाचें होणार नाहीं.

५. दिनचर्येंत हें बसवावें कसें?

“उद्यांपासून पहांटे पांचला उठून धांवेन” हा संकल्प आपण सर्वांनीं केलेला आहे, आणि सर्वांनीं मोडलेलाहि आहे. त्याचें कारण असें कीं, त्यासाठीं नवा वेळ लागतो, आणि नवा वेळ कोणाजवळ नसतो. म्हणून नवें काम काढूं नये. जुन्या कामाला हालचालीची जोड द्यावी. रोज ठरलेल्या वेळीं जें काम होतेंच, तेंच आपली घंटा समजावी. मी व माझे विद्यार्थी पुढील गोष्टी करतों:

(१) दांत घांसतांना चवड्यांवर उभें राहून टांचा वीस वेळां उचलणें.

(२) अंथरुणाच्या घड्या स्वतः घालणें व पिण्याचें पाणी स्वतः भरणें.

(३) बसनें येणाऱ्यानें, रस्ता सुरक्षित असेल तर, एक थांबा आधीं उतरून चालत येणें.

(४) दोन तासांच्या मधल्या घंटेला जागेवर उभें राहणें, हात वर ताणणें, दहा वेळां बसणें-उठणें. ह्यास एक मिनिट लागतें. उत्तर देणाऱ्यानें उभ्यानेंच उत्तर द्यावें. ही जुनी चाल निव्वळ आदराची नव्हती, फायद्याचीहि होती.

(५) मधल्या सुटींत डबा खाऊन झाल्यावर वर्गांत न थांबतां पटांगणाला एक फेरी घालणें.

(६) घरीं अभ्यास करतांना अर्ध्या तासानें उठणें. पाठांतर चालतां चालतां करावें; कविता व पाढे ह्यांस पावलांचा ताल चांगला साथ देतो.

(७) टेलिफोनवर बोलणें झाल्यास उभ्यानें किंवा चालत बोलणें.

(८) रात्रीं शतपावली. शक्य तर सर्व कुटुंबानें मिळून.

ज्यांचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे त्यांनीं कुरकुर करूं नये. दोन मजल्यांच्या ४० पायऱ्या, प्रत्येकी १५ सेंटिमीटर, म्हणजे ६ मीटर. दिवसांतून चार वेळां चढल्यास २४ मीटर. शाळेचे २२० दिवस धरले तर वर्षांत ५,२८० मीटर होतात. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे तुम्ही वर्षभरांत समुद्रसपाटीपासून कळसूबाई तीनदां चढून वर उरतां, आणि तेंहि शाळेंत बसून!

६. पालकांस विनंति

माझी आई पहांटे जात्यावर दळी, आडाचें पाणी शेंदी, आणि ओढ्यावर धुणें धुई. तिच्या तळहातांस घट्टे पडलेले मीं पाहिले आहेत, आणि रात्रीं तिच्या पाठीला तेल चोळलें आहे. तेव्हां ‘जुने दिवस चांगले होते’ असें मी म्हणणार नाहीं. विश्रांति न देतां जें राबविलें जातें तें आरोग्य देत नाहीं, झीज करतें. गिरणी, नळ व धुलाईचें यंत्र ह्यांनीं घरच्या बाईचें ओझें हलकें केलें हें उत्तमच झालें. परंतु ओझ्याबरोबर हालचालहि गेली, आणि तिच्या जागीं आपण कांहींच ठेविलें नाहीं, एवढेंच माझें म्हणणें आहे.

ह्यासाठीं पालकांजवळ तीन गोष्टी मागतों. पहिली: अभ्यास म्हणजे चार तास खुर्चीला खिळून बसणें, ही समजूत टाकून द्यावी. मूल मध्येंच उठलें तर तें अभ्यास टाळतें असेंच धरूं नये. पांच मिनिटांत तें परत बसतें कीं नाहीं हें पाहावें. दुसरी: घरचें काम मुलगे व मुली ह्या दोघांसहि सारखें वांटावें. मुलगी भांडीं घांसते व मुलगा मोबाइल घेऊन बसतो, ह्यांत दोघांचेंहि नुकसान आहे. तिचा खेळ जातो आणि त्याचें आरोग्य जातें. तिसरी: मुली मोठ्या झाल्या म्हणून त्यांचें धांवणें-खेळणें बंद करूं नये. त्यांच्याहि अंगांत तेंच हृदय व त्याच पोटऱ्या आहेत.

एक सावधगिरीची सूचना. ज्यांस हृदयविकार, दमा, सांधेदुखी किंवा मधुमेह आहे, त्यांनीं दम लागेल अशी हालचाल सुरू करण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें. चढतांना छातींत दुखलें, घेरी आली किंवा श्वास कोंडला, तर ताबडतोब थांबावें व डॉक्टरांस दाखवावें. आणि लहान हालचाली करतों म्हणून खेळाच्या तासास दांडी मारावी, असें कोणीं समजूं नये. वाटेवरचा घोंटभर पाणी तहान भागवितो, म्हणून जेवण सोडतां येत नाहीं.

७. शेवट

तीन महिन्यांनीं मी डॉक्टरांकडे गेलों, तेव्हां साखर थोडी उतरली होती. घोट्यांची सूज गेली होती. त्यांनीं कागदावर नवा आंकडा मांडला व म्हणाले, “सर, हें जन्मभर चालवायचें आहे.” जन्मभर ह्या शब्दानें मी पूर्वीं घाबरलों असतों. परंतु दोन मिनिटांचें काम जन्मभर करावयाचें असलें तरी तें एका वेळीं दोनच मिनिटांचें असतें.

तो तिसऱ्या बाकावरचा मुलगा शाळा सोडून गेला आहे. त्याच्या वर्षापासून माझ्या वर्गांत मागच्या भिंतीपाशीं एक उंच मेज ठेविलेलें आहे. ज्याला बसून कंटाळा आला असेल त्यानें न विचारतां तेथें उभें राहून लिहावें, असा नियम आहे. तेथें उभें राहणें ही आतां शिक्षा नाहीं. पुष्कळदां त्या जागेसाठीं मुलांत चढाओढ लागते, आणि उत्तरपत्रिका तपासतांना तिचा उपयोग मीहि करतों.

सुटींतील अभ्यास

१. सकाळीं उठल्यापासून रात्रीं झोपेपर्यंत आपण किती वेळ बसतों ह्याचा एका दिवसाचा हिशेब अर्ध्या-अर्ध्या तासानें मांडा. घरांतील एका मोठ्या माणसाचाहि मांडा, व दोन्ही ताडून पाहा.

२. बसलेले असतांना एक मिनिट नाडी मोजा. दोन मिनिटें भरभर चालून किंवा जिना चढून पुन्हां मोजा. मग दर मिनिटानें मोजून ती पूर्ववत् होण्यास किती वेळ लागतो तें लिहा. हाच प्रयोग एक महिना रोजच्या रोज हालचाल केल्यावर पुन्हां करा.

३. मॉरिसला गणवेषाचीं मापें मिळालीं नसतीं, तर त्याच्या निष्कर्षावर कोणता आक्षेप राहिला असता? पांच ओळींत लिहा.

४. तुमच्या आजी-आजोबांच्या रोजच्या कामांपैकीं कोणतीं कामें आज यंत्रें करतात? त्यांतील कोणतें काम गेलें तें बरें झालें, आणि कोणत्या कामाबरोबर चांगली हालचालहि गेली, हें त्यांनाच विचारून लिहा.

शेवटचा प्रश्न त्यांच्याबरोबर चालतां चालतां विचारावा, ही विनंति आहे.